बांधकामविषयक धारणाधिकार व बंधपत्र-दावे

बांधकामविषयक धारणाधिकार व बंधपत्र-दावे : इमारत किंवा अन्य स्थावर मालमत्ता बांधताना, दुरुस्त करताना वा सुधारताना ज्यांनी श्रम, सेवा अथवा साहित्य पुरविले, त्यांना न मिळालेल्या मोबदल्याच्या वसुलीसाठी त्या मालमत्तेवरच भार निर्माण करण्याचा कायद्याने दिलेला हक्क म्हणजे बांधकामविषयक धारणाधिकार. सार्वजनिक मालमत्तेवर असा भार बसविता येत नाही; तेथे त्याऐवजी जामीनदाराने लिहून दिलेल्या बंधपत्रावर दावा करावा लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन्ही उपायांचा सर्वाधिक विकास झाला असून पहिला उपाय तेथे ‘मेकॅनिक्स लीन’ या नावाने रूढ आहे. दोहोंचे समान वैशिष्ट्य म्हणजे त्यांना जोडलेल्या अल्प व कडक मुदती. मुदत पाळणे हा येथे हक्काचाच घटक असतो; ती टळली की हक्क नष्ट होतो.

उगम व स्वरूप : इंग्लिश सामान्य विधीनुसार धारणाधिकार ताब्यावर अवलंबून असतो. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर मजुरी मिळेपर्यंत घड्याळ अडवून ठेवू शकतो. गवंड्याला मात्र भिंत अडवून ठेवता येत नाही. भिंतीत बसलेली वीट जमिनीचा भाग होते आणि जमिनीच्या मालकाची ठरते. ही उणीव अमेरिकेत कायदे करून भरून काढण्यात आली. पोटोमॅक नदीकाठी नवी राजधानी वसविण्याचे काम चालू असता मेरिलंड राज्याच्या विधिमंडळाने १७९१ साली पहिला असा कायदा केला. बांधकाम व्यावसायिकांना वसुलीची हमी मिळावी व त्यांनी कामे अंगावर घ्यावीत, हा त्याचा हेतू होता. पुढे सर्व राज्यांनी असे कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेत तर या हक्काला घटनात्मक स्थान मिळाले.

या हक्काचा विशेष असा, की पुरवठादाराचा मालकाशी थेट करार असण्याची आवश्यकता नसते. मालक मुख्य कंत्राटदाराशी, कंत्राटदार उपकंत्राटदाराशी आणि उपकंत्राटदार विटा-सिमेंट विकणाऱ्याशी करार करतो. या साखळीत मधल्याने पैसे थकविले, तरी विक्रेत्याचा भार मालकाच्या घरावर बसू शकतो. परिणामी ज्याने कंत्राटदाराला पूर्ण रक्कम चुकती केली आहे, अशा निर्दोष मालकावर दुसऱ्यांदा पैसे देण्याचा प्रसंग येऊ शकतो. या प्रश्नावर दोन पद्धती रूढ झाल्या. न्यूयॉर्क पद्धतीत उपकंत्राटदाराचा हक्क मालकाकडून कंत्राटदारास येणे असलेल्या रकमेपुरता मर्यादित असतो. पेनसिल्व्हेनिया पद्धतीत तो कामाच्या वा मालाच्या पूर्ण किंमतीसाठी स्वतंत्रपणे मिळतो. मुदतींच्या कडकपणाचे कारणही येथेच आहे. आपल्या मालमत्तेवर कोणाचा दावा येऊ शकतो, हे मालकाला पैसे हातचे जाण्यापूर्वी कळावे आणि तो धोका केव्हा संपला, हेही निश्चित व्हावे, अशी ही योजना आहे.

मुदतीचे तीन टप्पे : सामान्यतः प्राथमिक सूचना, दाव्याची नोंदणी आणि न्यायालयीन कारवाई अशा तीन टप्प्यांना तीन वेगवेगळ्या मुदती असतात. त्या राज्याराज्यांत भिन्न आहेत.

(१) प्राथमिक सूचना : कॅलिफोर्नियात मालकाशी थेट करार नसलेल्या पुरवठादाराने काम किंवा पुरवठा सुरू केल्यापासून २० दिवसांत लेखी सूचना द्यावयाची असते. ती उशिरा दिल्यास हक्क पूर्णपणे जात नाही, पण सूचनेपूर्वीच्या २० दिवसांपलीकडील कामाचे संरक्षण जाते. फ्लॉरिडात हीच सूचना पहिल्या पुरवठ्यापासून ४५ दिवसांत द्यावी लागते व ती चुकल्यास धारणाधिकाराचा दावा उभा राहू शकत नाही. प्रत्यक्ष मजुरी करणाऱ्या कामगारांना दोन्ही राज्यांत या अटीतून सूट आहे.

(२) नोंदणी : फ्लॉरिडात दावेदाराने स्वतःचे शेवटचे काम किंवा पुरवठा केल्यापासून ९० दिवसांत दाव्याची नोंद करणे आवश्यक असते. न्यूयॉर्कमध्ये खाजगी बांधकामासाठी ही मुदत ८ महिने व एका कुटुंबाच्या घरासाठी ४ महिने आहे. कॅलिफोर्नियात मुदत संपूर्ण बांधकाम पुरे झाल्यापासून मोजतात व ती ९० दिवसांची असते. मात्र मालकाने कामाच्या समाप्तीची सूचना रीतसर नोंदविली, तर थेट कंत्राटदाराला ६० दिवस व इतरांना केवळ ३० दिवस मिळतात.

मोजणीचा आरंभ कोठून होतो, यावर व्यवहारात बरेच काही अवलंबून असते. उदा., एखाद्या व्यापाऱ्याने पायासाठी सिमेंटची शेवटची खेप १० मार्च रोजी दिली आणि इमारत १ डिसेंबर रोजी पूर्ण झाली, असे समजू. फ्लॉरिडात त्याची मुदत ८ जून रोजी, म्हणजे इमारतीचे काम चालू असतानाच संपते. न्यूयॉर्कमध्ये ती १० नोव्हेंबरपर्यंत असते. कॅलिफोर्नियात ती पुढील वर्षाच्या १ मार्चपर्यंत (लीप वर्ष असल्यास २९ फेब्रुवारीपर्यंत) चालते; पण मालकाने ५ डिसेंबर रोजी समाप्तीची सूचना नोंदविली असल्यास ती ४ जानेवारी रोजीच संपते. दिलेल्या कामातील दोष दूर करण्यासाठी पुन्हा केलेल्या किरकोळ दुरुस्तीला ‘शेवटचे काम’ मानले जात नाही. त्यामुळे नंतरच्या एखाद्या फेरीवर विसंबून मुदत वाढली असे समजणारा दावेदार फसतो.

(३) न्यायालयीन कारवाई : नोंदणीने हक्क कायमचा सुरक्षित होत नाही. मालमत्तेच्या विक्रीतून वसुली व्हावी यासाठी कॅलिफोर्नियात नोंदणीपासून ९० दिवसांत दावा दाखल करावा लागतो, अन्यथा धारणाधिकार निष्फळ होतो. फ्लॉरिडात व न्यूयॉर्कमध्ये ही मुदत सामान्यतः १ वर्षाची आहे. फ्लॉरिडातील मालक हरकतीची नोंद करून ती ६० दिवसांवर आणू शकतो.

बंधपत्र-दावे : सरकारी इमारत, पूल किंवा धरण यांची विक्री करून खाजगी ऋणकोचे देणे भागविणे लोकहिताच्या विरुद्ध मानले जाते. म्हणून अमेरिकन संघशासनाने १८९४ च्या हर्ड अधिनियमाने कंत्राटदारांकडून बंधपत्र घेण्यास प्रारंभ केला. परंतु शासन व पुरवठादार या दोघांसाठी एकच बंधपत्र असे आणि त्यावर शासनाचा अग्रहक्क असे. १९३५ च्या मिलर अधिनियमाने हा दोष दूर केला. काम पुरे होण्याची हमी शासनाला देणारे एक आणि श्रम व साहित्य यांचे पैसे मिळण्याची हमी पुरवठादारांना देणारे दुसरे, अशी दोन स्वतंत्र बंधपत्रे त्याने आवश्यक केली. १९९९ च्या सुधारणेनुसार दुसऱ्या बंधपत्राची रक्कम सामान्यतः कंत्राटाच्या पूर्ण रकमेइतकी असावी लागते.

मुख्य कंत्राटदाराशी थेट करार असलेल्यास प्राथमिक सूचनेची अट नाही. उपकंत्राटदाराशी करार असलेल्याने मात्र शेवटचे काम वा पुरवठा केल्यापासून ९० दिवसांत मुख्य कंत्राटदारास लेखी सूचना द्यावयाची असते. दोघांनाही शेवटच्या पुरवठ्यानंतर ९० दिवस उलटल्यावरच, पण १ वर्षाच्या आत, संघीय जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. दावा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नावे, दावेदाराच्या हितार्थ चालतो. वरील उदाहरणातील सिमेंट संघशासनाच्या बांधकामासाठी उपकंत्राटदारास विकले असते, तर सूचनेची मुदत ८ जून रोजी आणि दाव्याची पुढील वर्षाच्या १० मार्च रोजी संपली असती. साखळीत याहूनही दूर असलेल्या, म्हणजे पुरवठादारास माल विकणाऱ्या पुरवठादाराला हे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली मॅकएव्हॉय खटल्यात दिला. राज्यांनीही आपापल्या सार्वजनिक कामांसाठी असेच कायदे केले असून त्यांना ‘लहान मिलर कायदे’ म्हणतात. त्यांतील मुदती एकसारख्या नाहीत.

मुदत टळण्याचे परिणाम : धारणाधिकार गेला तरी मूळ ऋण बुडत नाही. ज्याच्याशी करार केला, त्याच्यावर दावा लावता येतो. परंतु तो दिवाळखोर झाला असल्यास पुरवठादार तारणरहित धनकोंच्या रांगेत जाऊन पडतो. अनेकदा त्याच्या हाती काहीच येत नाही. पहिल्या दिवशीची सूचना राहून गेल्यामुळे वर्षभराच्या पुरवठ्याची किंमत गमावण्याचा धोका मोठ्या कंत्राटदारापेक्षा लहान उपकंत्राटदाराला व व्यापाऱ्याला अधिक असतो, कारण त्याच्यापाशी कायद्याचा सल्लागार नसतो. हक्कत्यागाच्या कागदपत्रांबाबतही दक्षता लागते. हप्ता देताना मालक धारणाधिकार सोडल्याचे लेखी मागतो. कॅलिफोर्नियात यासाठी कायद्याने चार नमुने ठरवून दिले आहेत. त्यांपैकी बिनशर्त नमुन्यावर रक्कम हाती येण्यापूर्वी सही केल्यास संरक्षण गमावण्याचा संभव असतो.

अन्य देश व भारत : कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने १८७३ मध्ये असा कायदा केला. तेथे मालकाने प्रत्येक हप्त्यातील १० टक्के रक्कम राखून ठेवावयाची असते आणि धारणाधिकार जतन करण्याची मुदत २०१८ पासून ६० दिवसांची आहे. इंग्लंडमध्ये हा हक्क नाही.

भारतातही बांधकामाच्या जमिनीवर पुरवठादाराला असा हक्क देणारा सर्वसाधारण कायदा नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील धारणाधिकार ताब्यातील वस्तूंपुरता आहे. मालविक्री अधिनियम, १९३० खालील विक्रेत्याचा धारणाधिकारही मालाचा ताबा दिल्यावर संपतो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या वा केलेल्या कामाच्या किंमतीसाठी सामान्यतः ३ वर्षांत दावा लावता येतो. सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे आवश्यक असून विलंबास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र हे दायित्व खरेदीदाराचे असते. मालमत्तेवर त्याचा भार बसत नाही. अमेरिकन पुरवठादाराला थोडे दिवस पण भक्कम तारण मिळते, तर भारतीय पुरवठादाराला अधिक काळ मिळतो पण तारण मिळत नाही, असा हा भेद आहे.