दहाव्या ट्रकचं गणित

महाड-पोलादपूरच्या दुकानांतला पुष्कळसा किराणा मुंबई-गोवा महामार्गावरून ट्रकने येतो. खिंडी, खड्डे पार करून ड्रायव्हरकाका गोदामाशी पोचले, की त्यांचं काम संपलं असं तुम्हाला वाटेल. छे! पुढे माल उतरवण्यासाठी नंबर लावायचा असतो.

चला, गणित करू. १० टन साखर म्हणजे ५० किलोची २०० पोती. चार हमाल असले, तर प्रत्येकाच्या पाठीवर ५० पोती. एका पोत्याला दोन मिनिटं धरा. ट्रक १०० मिनिटांत रिकामा! मग उशीर कसला? समजा, सकाळी ८ वाजता १० ट्रक एकदम आले आणि हमालांची टोळी एकच. दहाव्या ट्रकच्या पुढे ९ ट्रक, म्हणजे ९०० मिनिटं. तब्बल १५ तास! त्यात कोकणातला पाऊस. साखर भिजेल म्हणून ताडपत्री काढता येत नाही.

तोवर काका मस्त झोपतात का? कुठलं! मालाची राखण करायची, रांग सरकली की गाडी पुढे घ्यायची. पुष्कळांची कमाई खेपेवर असते. पुढची खेप बुडाली की पैसे बुडाले. आणि झोप झाली नसताना रात्री गाडी हाकणं किती धोक्याचं!

अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. ड्रायव्हरकाकांच्या थांबलेल्या तासांनाही मोल हवं. प्रत्येक ट्रकला आधी फोनवरून वेळ ठरवून दिली, तरी रांग कितीतरी कमी होईल.

आता तुम्ही सांगा, टोळ्या दोन असत्या, तर दहावा ट्रक किती वेळ थांबला असता?