'आवरते घेणे' : अर्थ आणि उपयोजन

एखादी गोष्ट ठरल्यापेक्षा लवकर संपवणे या अर्थाच्या आसपास मराठीत अनेक क्रियापदे वावरतात. ती परस्परांच्या जागी चालतात असे गृहीत धरल्यास वाक्याचा अर्थ बिघडतो. पुढील वाक्ये सावकाश वाचा.

वक्त्याने भाषण आटोपले.
वक्त्याने भाषण आवरते घेतले.
वक्त्याने भाषण गुंडाळले.
वक्त्याने भाषण अर्धवट सोडले.

पहिल्या वाक्यातून भाषण संपले एवढेच कळते. ते लांबले की लवकर उरकले, याविषयी वाक्य मौन पाळते. तिसऱ्यात घाईचा ठपका आहे, चौथ्यात शेवटच नाही. दुसऱ्या वाक्यात मात्र भाषण लवकर संपले, तरी त्याला रीतसर शेवट मिळाला. पावसाची चिन्हे दिसताच कीर्तनकार उत्तररंग आवरता घेतात, पण आरती होतेच. (आरतीही झाली नाही, तर ते कीर्तन आवरते घेतले नव्हे, मोडले.)

ही छटा येते कोठून? 'आवर' या धातूत लांबी कमी करण्याचा अर्थ मुळात नाही. आपण घर आवरतो, केस आवरतो, रडू आवरतो; म्हणजे पसरलेले गोळा करतो, उसळलेले रोखतो. या धातूला '-ता, -ती, -ते' प्रत्यय लागून कृदंत होते आणि पुढे 'घेणे' येते. हात आखडता घेणे, काढता पाय घेणे, नमते घेणे, पडते घेणे हे वाक्प्रचार याच घडणीचे आहेत. या सर्वांत कर्ता स्वतःच मागे सरतो. म्हणूनच 'अध्यक्षांनी वक्त्याचे भाषण आवरते घेतले' हे वाक्य कानाला खटकते. तेथे 'आवरते घ्यायला लावले' असे हवे.

कृदंत कर्माच्या लिंगानुसार बदलते: दौरा आवरता घेतला, सभा आवरती घेतली. 'नमते' आणि 'पडते' यांना कर्म नसल्याने ती रूपे नपुंसकलिंगीच राहतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. मिरवणूक पोलिसांनी थांबवली असताना 'मंडळाने मिरवणूक आवरती घेतली' असे बातमीत छापले, तर व्याकरण शुद्ध असूनही बातमी खोटी ठरते, कारण निर्णय कोणाचा हेच बदलते.

स्वाध्याय: 'संपामुळे व्यवस्थापनाने कामगारांची सभा आवरती घेतली.' हे वाक्य तपासा, दुरुस्त करा आणि दुरुस्तीचे कारण दोन वाक्यांत लिहा.