युद्धकाळातील भित्तिपत्रके

भित्तिपत्रकाचे आयुष्य थोडे. पावसाने ते फाटावे, नवे आले की त्याखाली झाकले जावे, हीच त्याची रीत. तरीही अमेरिकेत वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातील, म्हणजे १९१४ ते १९२० मधील, सुमारे १,९०० भित्तिपत्रके जपलेली आहेत. रेडिओ तेव्हा घरोघर पोचलेला नव्हता. सैन्यात या, युद्धकर्जाचे रोखे घ्या, गहू वाचवा, हे सरकारने जनतेला सांगावयाचे ते भिंतींवरूनच.

यांपैकी सर्वांत परिचित चित्र जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांचे, १९१७ सालचे. उंच टोपीतील ‘अंकल सॅम’ पाहणाऱ्यावर बोट रोखून त्याला सैन्यात बोलावतो. कल्पना मात्र उसनी होती. ब्रिटनमध्ये आल्फ्रेड लीट यांनी १९१४ साली लॉर्ड किचनेर यांचे असेच चित्र काढले होते. (हेच किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते.) फ्लॅग यांनी चेहरा तेवढा स्वतःचा वापरला! त्यांच्या पत्रकाच्या ४० लाखांहून अधिक प्रती निघाल्या.

शिक्षकांनी वर्गात ही चित्रे अवश्य दाखवावीत, पण सावधपणे. खंदकांतील चिखल आणि मृत्यू त्यांत क्वचितच दिसतो. लोकांनी काय केले हे त्यांतून कळत नाही, शासनाला त्यांच्याकडून काय हवे होते ते कळते.

अशी पत्रके बहुधा स्वस्त कागदावर छापलेली असत. त्यातील आम्लामुळे कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो; उजेडाने रंग उडतात. म्हणून अभ्यासकांच्या हाती शक्यतो प्रतिमाच दिली जाते आणि मूळ पत्रक अंधारात, सपाट ठेवलेले असते.