कोटाच्या आतलं चांदा

1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तोवर धानोऱ्याच्या माणसाला जिल्ह्याच्या मोठ्या कामासाठी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूरच, गाठावं लागे. आजही मूलमार्गे चंद्रपूरला जाणारे आपण जटपुरा गेटपाशी ट्रॅफिकमध्ये अडकतो, गेटच्या नावाने बोटं मोडतो आणि पुढे सरकतो. मान वर करून पाहावं. कमानीच्या बाजूला दगडात सिंह कोरलाय आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. हीच गोंड राजांची मुद्रा.

जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे गोंड राजांच्या या कोटाचे चार दरवाजे. त्यांच्या जोडीला पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. खिडकी म्हणजे माणूस सहज जाईल असा छोटा दरवाजा. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि मधे हा कोट. शत्रूइतकीच त्याची पाण्याशीही गाठ होती. इरई फुगली की पठाणपुरा गेटबाहेर पाणी चढतं. 2022 च्या पुरातही ते दिसलं.

हा कोट शत्रूच्या हाती पडला तो तोफांनी. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सच्या फौजेने भिंतीला खिंडार पाडून शहर घेतलं. पण तट उभा राहिला. तिकडे ऑस्ट्रियात 1857 साली बादशहा फ्रान्झ जोसेफने व्हिएन्नाचा कोट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रुंद गोल रस्ता केला. आपला कोट वाचला. कौतुकाने वाचला की दुर्लक्षाने, ते विचारू नये.

गोंड राजवाड्याचं मात्र कारागृह झालं. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी तिथेच फाशी दिली. आपल्या भागातल्या माणसाने निदान त्यासाठी तरी तिथे थांबायला हवं. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने नवऱ्यासाठी, राजा बीरशहासाठी, बांधलेली समाधी आहे. राजाने राणीसाठी बांधलेल्या इमारतीकडे जग लोटतं, इथे गर्दी नसते.

तटावर झाडं माजली होती. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी कुऱ्हाडी-विळे घेऊन ती काढायला घेतली. सरकारी पाटी लावून भिंत टिकत नाही, दर पावसाळ्यानंतर फुटलेली मुळं उपटावी लागतात. पुढच्या वेळी चांद्याला कामाने गेलात, तर परतीच्या एसटीआधी तासभर हाताशी ठेवा आणि पठाणपुरा गेटपर्यंत पायी जा.