लोकनिर्मित नकाशातील नोंदी कशा तपासाव्यात

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवली पूर्वेस, मध्ये खाडी. मोबाइलवर नुसते ‘मानपाडा’ शोधून निघालेला रुग्णवाहिकेचा अथवा खताच्या गाडीचा चालक कोठे पोहोचेल, हे नकाशातील नोंद किती काळजीपूर्वक केली आहे यावर अवलंबून राहते.

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा लोकांनीच तयार केलेला आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी त्याचा आरंभ केला. खाते उघडणाऱ्या कोणासही त्यात रस्ता, विहीर, शाळा नोंदविता येते व दुसऱ्याची चूक सुधारता येते. प्रत्येक फेरफाराचा इतिहास राखला जातो. मात्र पुष्कळशा नोंदी दूर बसलेली माणसे उपग्रहाच्या छायाचित्रावरून करतात, आणि दोष शिरतो तो येथेच.

ही छायाचित्रे बहुधा निरभ्र, कोरड्या दिवसांतील असतात. त्यामुळे आटलेला ओढा पायवाटेसारखा दिसतो. भातखाचराचा बांध रस्ता म्हणून रेखाटला जातो. भर आषाढात त्या ‘रस्त्या’ने वाहन नेणाऱ्याची काय गत होईल, हे कल्याण तालुक्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. असा ओढा हंगामी प्रवाह म्हणून नोंदवावा. छायाचित्र कधी कधी मूळ जागेपासून काही मीटर सरकलेलेही असते. म्हणून जीपीएस चालू ठेवून त्या रस्त्याने दोन-तीन वेळा चालावे व रेषा जुळते की नाही ते पाहावे.

गावांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. त्यामुळे निळजेचे ‘निलजे’ होते, आणि काटईची तर ‘कटाई’! मराठी नाव गावच्या उच्चाराप्रमाणे स्वतंत्र रकान्यात लिहावे.

हद्दींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली. भोवतालची २७ गावे २००२ मध्ये तिच्यातून वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. वाद त्यानंतरही चालू राहिला. तेव्हा हद्द ऐकीव माहितीवर न बदलता शासकीय अधिसूचना पाहूनच बदलावी. शेताच्या बांधाच्या तंट्यात हा नकाशा पुरावा ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच हवी.

इतर कंपन्यांच्या नकाशांवरून नावे अथवा रेषा उतरवून घेऊ नयेत; तेथे स्वामित्वहक्काची बाधा येते. ज्यांना संपादन जमत नाही त्यांनी नकाशावर त्या जागी नुसती टीप ठेवली तरी चालते. ‘येथे पूल नाही, पावसाळ्यात उतार बंद’ एवढे लिहावे. जाणकार मनुष्य पुढील दुरुस्ती करू शकतो. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी प्रथम मोऱ्या, साकव व पाण्याखाली जाणारे रस्ते हाती घ्यावेत, आणि तेही पाऊस चालू असतानाच पाहून यावे.