दारातले दोन पंच

नोव्हेंबर 2001. वुश्त्री गावाबाहेरच्या एका वाडीत, गिलावा न केलेल्या लाल विटांच्या घरासमोर आम्ही पाच जण उभे होतो. कोसोवो पोलीस सर्व्हिसचे दोन तरुण, घानाचे एक सहकारी, आमची दुभाषी मुलगी आणि मी. खिशात तपासी न्यायाधीशाचा झडतीचा हुकूम होता. शेताच्या बांधावरून दोन घरांत जुंपली होती आणि या घरातल्या मुलाने शेजाऱ्यावर रायफल रोखली, अशी तक्रार होती. बांधावरची भांडणं मी महाराष्ट्रात आयुष्यभर पाहिली. इथे फरक एवढाच, की कोयत्याच्या जागी कलाश्निकोव्ह निघत असे.

एक पंच मिळाला होता, गावातला दुकानदार. दुसरा मिळत नव्हता. थंडी हाडात शिरत होती आणि त्या दोन तरुणांतला एक, माझा शिकाऊ, घड्याळ बघत होता.

"शेफ," तो म्हणाला. तिथे वरिष्ठाला शेफ म्हणतात. "आपण पाच जण आहोत. आपण काय बघणार ते आपल्या डोळ्यांनीच बघणार ना? आणखी माणूस कशाला?"

हा प्रश्न माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही माझ्या साहेबांना विचारला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस दलात मी एका वर्षासाठी गेलो होतो. निवड झाली ती इंग्रजी, गाडी चालवणं आणि नेमबाजी, या तीन परीक्षांवर. जून 1999 मध्ये नाटोची बॉम्बफेक थांबली, सर्बियाचे पोलीस आणि सैन्य माघारी गेले आणि सुरक्षा परिषदेच्या 1244 क्रमांकाच्या ठरावाने कोसोवोचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे आला. पोलीस ठाणी होती, पोलीस नव्हते. शिपायापासून वरपर्यंत सगळं दल नव्याने उभं करायचं होतं. सुमारे पन्नास देशांचे पोलीस तिथे एकाच वेळी गस्त घालत होते आणि शिकवतही होते.

वर्गातलं शिक्षण वुश्त्रीच्या पोलीस शाळेत व्हायचं. ती युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेने चालवली होती. पहिली तुकडी सप्टेंबर 1999 मध्ये आत गेली आणि ऑक्टोबरमध्ये गणवेश घालून बाहेर पडली. रस्ते रिकामे होते, थांबायला वेळ नव्हता. मी गेलो तोवर वर्गाचे आठवडे बारा झाले होते आणि त्यानंतर ठाण्यावर पंधरा आठवडे, आमच्यासारख्यांच्या हाताखाली. एकाच वर्गात अल्बेनियन आणि सर्ब मुलं-मुली बसत. शिक्षक इंग्रजीत बोलायचा, एक दुभाषी अल्बेनियनमध्ये सांगायचा, दुसरा सर्बियनमध्ये. एका वाक्याला तिप्पट वेळ लागे. पण त्या संथपणाचा एक फायदा मला जाणवला. पोरांना ऐकताना समोरच्या बाकाकडे बघत बसावं लागे आणि त्या बाकावर बहुतेक वेळा पलीकडच्या जमातीचं कुणीतरी असे.

ठाण्यावर आल्यावर खरी पंचाईत व्हायची. आज शिकाऊच्या सोबत जर्मन अधिकारी, पुढच्या आठवड्यात अमेरिकन, मग जॉर्डनचा, मग मी. गाडी कशी थांबवायची, संशयिताशी किती अंतर ठेवून बोलायचं, हात कुठे ठेवायचा, प्रत्येकाची रीत वेगळी. मुलं बिचारी गोंधळत. त्यातल्या एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, की यातलं बरोबर कोणतं? मी तिला म्हटलं, रीत कुठलीही धर, पण जे केलंस ते लिहून ठेव. मला अजूनही तेच उत्तर बरोबर वाटतं. आमच्या नेमणुका वर्ष-वर्षाच्या असणं मात्र मला चुकीचं वाटत आलं आहे. शिकवणाऱ्याला गाव कळेपर्यंत त्याचं परतीचं विमान ठरलेलं असे.

कायद्याचं तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रांनी आधी जाहीर केलं, की मार्च 1999 पर्यंत लागू असलेलाच कायदा चालेल. तो बेलग्रेडचा कायदा, त्याखाली अल्बेनियन न्यायाधीश बसायला तयार होईनात. मग डिसेंबर 1999 मध्ये घड्याळ मागे फिरवून 22 मार्च 1989 रोजी लागू असलेला कायदा आणला. म्हणजे ज्या देशाचे तुकडे झाले होते, त्या युगोस्लाव्हियाची प्रक्रिया संहिता. न्यायाधीशांपैकी कित्येक जण दहा वर्षं कोर्टाबाहेर होते. त्यांच्यासाठीही प्रशिक्षण सुरू झालं होतं आणि मोठ्या खटल्यांत परदेशी न्यायाधीश आणि सरकारी वकील बसवायची सोय झाली होती. या सगळ्याच्या खाली माझा चोवीस वर्षांचा शिकाऊ, हातात तीन भाषांतले छापील कागद.

आपल्याकडे तपास पोलीस करतात. तिथे त्या जुन्या संहितेप्रमाणे तपासाची सूत्रं तपासी न्यायाधीशाकडे. अटक केलेल्याला आपण 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतो, तिथे 72 तासांची मुदत होती. पहिल्या महिन्यात मी रोज काही ना काही नवं शिकत होतो. पण झडतीचं कलम दुभाषीने वाचून दाखवलं तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. घराची झडती घेताना दोन प्रौढ नागरिक साक्षीला हवेत. आपल्या तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 100, जसंच्या तसं! परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा तसं झालं मला.

दुभाषीने त्यासाठी 'देश्मितार' हा शब्द वापरला. साक्षीदार. मी तिला म्हटलं, साक्षीदार आणि पंच यात फरक आहे. साक्षीदाराने गुन्हा पाहिलेला असतो. पंचाने गुन्हा पाहिलेला नसतो, त्याने पोलिसाला पाहायचं असतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने शिकाऊला जे सांगितलं ते माझ्या वाक्यापेक्षा बरंच लांब होतं.

याबाबतीत माझ्या मनात एक जुनी सल होती. उमेदवारीत असताना एका ठाण्यात मी घरफोडीचा मुद्देमाल जप्त केला. घाई होती, म्हणून ठाण्यासमोरच्या टपरीवरचे नेहमीचे दोन पंच घेतले. कोर्टात बचावाच्या वकिलाने त्यांना विचारलं, आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? पहिल्याला आकडा सांगता आला नाही, दुसरा फितूर झाला. दागिने खरे होते, चोर खरा होता, तरी तो सुटला. ज्या बाईचं मंगळसूत्र त्यात होतं, ती कोर्टाच्या पायरीवर माझ्याकडे बघत उभी होती. त्या दिवसानंतर मी पंच शोधायला कधी कंटाळलो नाही.

म्हणून त्या थंडीत मी शिकाऊला सांगितलं, आपण थांबायचं. घराच्या मागच्या बाजूला घानाच्या साहेबांना उभं केलं होतं, कुणी काही बाहेर नेऊ शकणार नव्हतं. दुकानदार हातावर फुंकर मारत होता. शेजारच्या दारांवर शिकाऊ स्वतः गेला. पहिलं दार उघडलंच नाही. दुसऱ्या दारातल्या बाईने नवरा घरी नाही म्हणून सांगितलं, आतून खोकल्याचा आवाज येत असताना. लोकांचं चुकत नव्हतं. पोलिसांच्या कागदावर नाव लागलं की काय होतं, हे त्यांनी दहा वर्षं पाहिलं होतं, आणि शेजाऱ्याच्या घरातली बंदूक दाखवून दिली असं कुणी म्हणालं तर त्याची किंमत वेगळीच.

सव्वा तासाने एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला. डोक्यावर पांढरी लोकरी टोपी. शिकाऊने त्याला काय सांगितलं ते दुभाषीने मला हळू आवाजात सांगितलं. "आजोबा, तुम्हाला बंदूक शोधायची नाही. तुम्ही आमच्यावर लक्ष ठेवायचं आहे. आम्ही काही खिशात घातलं, काही फोडलं, कुणाला हात लावला, तर ते तुम्ही कोर्टाला सांगायचं." म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं.

त्या घरांत बूट बाहेर काढून जायची पद्धत आहे, अगदी आपल्यासारखी. झडतीला बूट काढता येत नाहीत. शिकाऊ उंबऱ्यावर अडला. आत गालिचा होता आणि गालिच्यापलीकडे घरातली आजी. तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. तो खाली वाकला, काहीतरी बोलला आणि आजीने स्वतःच्या हाताने गालिचा गुंडाळून भिंतीला लावला. आधी दोन्ही पंच आत गेले, मग आम्ही. रायफल पिठाच्या कोठीमागे निघाली. नंबर मोठ्याने वाचला, म्हाताऱ्याने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तो कागदावरच्या नंबरशी ताडून पाहिला. एक आकडा चुकला होता. त्याने बोट ठेवलं, शिकाऊने दुरुस्त केला आणि शेजारी दोघांच्या सह्या घेतल्या.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शिकाऊच बोलला. 1998 मध्ये त्यांच्या घरात पोलीस शिरले होते, बुटांसकट. वडिलांना घेऊन गेले. "बाहेर कुणी नव्हतं," तो म्हणाला. "नंतर आम्ही सांगत राहिलो, पण बघितलेलं कुणी नव्हतं." त्यापुढे त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मी परत आल्यावर तिथलं दल पाच हजारांच्या वर गेलं. मार्च 2004 मध्ये दंगल उसळली, 19 माणसं गेली, हजारो सर्बांना घरं सोडावी लागली. त्या दोन दिवसांत त्या तरुण पोलिसांपैकी काही जण दारात उभे राहिले, काहींनी पाठ फिरवली, असं नंतर जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं. माझा शिकाऊ त्या वेळी कुठे होता, ते मला कळलं नाही. अजून कधी कधी रात्री तो प्रश्न पडतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवी संहिता लागू झाली, तपासी न्यायाधीश गेले आणि तपास सरकारी वकिलाच्या देखरेखीखाली आला. पुन्हा सगळ्यांचं नव्याने शिक्षण.

त्या रायफलच्या प्रकरणाची तारीख मात्र मी तिथे असतानाच लागली. कोर्टात वीज नव्हती. ओबिलिचचं वीज केंद्र बंद पडलं की साऱ्या मुलखात अंधार व्हायचा. बोळात गारठा होता आणि बाकावर एकटाच तो ट्रॅक्टरवाला म्हातारा बसला होता, दोन तास आधीच येऊन, धुतलेली टोपी घालून. दुकानदार अजून यायचा होता. शिकाऊने समोरच्या हॉटेलातून कॉफीचा छोटा पेला आणून त्याच्या हातात दिला आणि तो शेजारी उभा राहिला, बसला नाही. न्यायाधीशांनी नाव पुकारल्यावर म्हाताऱ्याने पेला त्याच्याच हातात परत दिला आणि आत गेला. दार लागलं. पेल्यात अर्धी कॉफी उरली होती. शिकाऊ तो धरून तसाच उभा होता.