नाव कोरण्याचे यंत्र घेताय? आधी नग मोजा

स्टीलच्या भांड्यावर नाव आणि तारीख घालून घेणे ही आपल्या घरांतली जुनी रीत. आता लाकडी पाटी, किल्लीची साखळी, लग्नाचा आहेर, निरोप समारंभाचे स्मृतिचिन्ह यांवरही लोकांना नाव हवे असते. हे काम टेबलावर मावणारा छोटा सीएनसी राउटर करतो. संगणकावर नाव मांडायचे, आणि त्या रेषांवरून वेगाने फिरणारी बारीक पाती (तिला बिट म्हणतात) लाकडात ते कोरत जाते.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळेल असे वाटणे साहजिक आहे. रसेल मार्केट आणि कमर्शियल स्ट्रीटला रोजची वर्दळ असते. सप्टेंबरमध्ये सेंट मेरी बॅसिलिकाची जत्रा भरते, १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव येतो. मग घरात विषय निघतो, "मुदत ठेव मोडूया आणि यंत्र घेऊया." ठेव मोडण्याआधी पुढचा हिशेब एकदा कागदावर मांडा.

यंत्राची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही दुकानात विचारून स्वतःचे आकडे घाला.

- यंत्र (कामाची जागा ३० × १८ सेंमी): ₹२५,०००
- बिट, पकडी, सुटे भाग: ₹३,०००
- भुसा ओढणारा व्हॅक्यूम, मास्क, चष्मा: ₹४,०००
- शिकताना वाया जाणारे लाकूड: ₹३,०००
- एकूण: ₹३५,०००

व्हॅक्यूम आणि मास्क टाळून पैसे वाचवू नका. लाकडाचा, विशेषतः एमडीएफचा, बारीक भुसा छातीला वाईट. यंत्राचा आवाजही होतो. भिंतीला भिंत लागून घर असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला. आणखी एक गोष्ट: असे छोटे यंत्र लाकूड, एमडीएफ आणि प्लास्टिकवर चांगले चालते. स्टीलमध्ये खोल कोरणे त्याला झेपत नाही.

एका पाटीमागे काय उरते?

समजा, नावाची एक पाटी ₹३५० ला विकली.

- लाकूड: ₹८०
- बिटची झीज आणि वीज: ₹१५
- पॉलिश आणि वेष्टन: ₹३५
- दहातली एक बिघडते, तिचा वाटा: ₹१५
- खर्च ₹१४५, उरले ₹२०५

बरेच जण इथेच थांबतात आणि ₹२०५ ला नफा म्हणतात. पण नाव मांडणे, यंत्र लावणे, घासणे, पोचवणे यांत तुमचा दीड तास गेला. तासाला ₹८० धरले तर ती ₹१२० मजुरी झाली. खरे उरले ₹८५.

₹३५,००० ला ₹८५ ने भागा. ४१२ पाट्या विकल्यावर यंत्राचे पैसे सुटतील. महिन्याला २० पाट्या गेल्या तर जवळजवळ २१ महिने लागतील. मजुरी सोडून दिली तरी १७१ पाट्या, म्हणजे सुमारे ९ महिने. लग्नसराईत २० मागण्या येतील, पण आषाढात येतील का? हा प्रश्न यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

चुकलेले नाव कोणी घेत नाही

साधी पाटी आज खपली नाही तर उद्या खपेल. नाव कोरलेली पाटी फक्त एकाच गिऱ्हाइकाची. म्हणून:

- नाव गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. आपल्या भागात कन्नड, उर्दू, तमिळ, मराठी, इंग्रजी अशा अनेक लिप्यांत मागणी येते. जी लिपी तुम्हाला वाचता येत नाही, तिचा नमुना दाखवून होकार घेतल्याशिवाय कोरू नका.
- मराठी नावांत जोडाक्षरे आणि शिरोरेषा नीट आली आहेत का, ते आधी टाकाऊ तुकड्यावर कोरून पाहा.
- निदान सामानाचा खर्च निघेल इतकी आगाऊ रक्कम घ्या. ही रक्कम म्हणजे नफा नाही. वस्तू हातात पडेपर्यंत ती गिऱ्हाइकाची आहे. घरखर्चात मिसळू नये म्हणून धंद्याचे खाते वेगळे ठेवा.
- यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, ठग आहे.

पैसा कुठून आणावा?

१. तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम आजारपण, नोकरी जाणे अशा प्रसंगांसाठी बाजूला हवी. यंत्रासाठी तिला हात लावू नका.

२. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते, बहुधा दंडही बसतो. ठेव तारण ठेवून कर्ज मिळते का, ते बँकेत विचारा आणि दोन्हींचा खर्च ताडून पाहा.

३. मुद्रा योजनेतील शिशु गटात ₹५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. पण मागणी येवो न येवो, हप्ता येतोच. कर्ज मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. उद्यम नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर मोफत होते.

४. घाई नसेल तर महिन्याला ₹३,००० ची आवर्ती ठेव काढा. १२ महिन्यांत ₹३६,००० आणि वर व्याज जमते. कर्ज नाही, हप्ता नाही.

त्या वर्षात हातावर हात ठेवून बसू नका. मागण्या घ्या आणि ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडून मजुरी देऊन कोरून घ्या. नफा कमी राहील, पण महिन्याला किती पाट्या खपतात हे तुमच्या वहीत लिहिलेले असेल.

लक्षात ठेवा: सलग सहा महिने वहीत २० च्या वर मागण्या दिसल्या तर यंत्राचा विचार करा. सात-आठच दिसल्या तर तुमचे ₹३५,००० वाचले. ती आवर्ती ठेव तशीच चालू द्या.